गुनाह, गुन्हा की आजार?

फारसीतला 'गुनाह' मराठीत आला आणि त्याचा 'गुन्हा' झाला. शब्द एकाच घरचे, पण त्यांचे दरबार वेगळे. गुनाहाचा हिशेब खुदाकडे होतो, गुन्ह्याचा सरकारकडे. आम्ही मराठी बोलणारे मुसलमान हे दोन्ही शब्द रोज वापरतो आणि त्यांतला फरक आम्हाला चांगला कळतो. मात्र नशेच्या आहारी गेलेल्या माणसाचा विषय निघाला की हा फरक आम्ही विसरतो. घरात तो गुनाहगार असतो, पोलीस ठाण्यात गुन्हेगार आणि दवाखान्यात पेशंट. तिन्ही ठिकाणी माणूस तोच असतो. मग मोहल्ल्याने, जमातीने त्याला काय म्हणायचे? हा केवळ शब्दांचा खेळ नाही. आपण त्याला जे नाव देऊ, त्याप्रमाणे त्याच्याशी वागू. आणि आपण जसे वागू, त्यावर तो परत येतो की नाही हे पुष्कळदा ठरते.

या प्रश्नाच्या आधी एक अडथळा आहे. तो म्हणजे 'हे आपल्यात नाही' हे वाक्य. आपल्या दीनमध्ये दारू हराम आहे, त्यामुळे आपला समाज या बाबतीत सुरक्षित आहे, अशी आपली समजूत असते. जलशातल्या तकरिरीत हे अभिमानाने सांगितले जाते. पण हराम असणे आणि नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय 'दारू हराम' एवढेच पाठ झालेल्या पोराला गोळी, गांजा, व्हाइटनर, खोकल्याचे औषध हे सारे 'दारू नव्हे' या खात्यात टाकता येते. दारूचा वास येतो, गोळीचा येत नाही. घरात कळत नाही, मशिदीत कळत नाही. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या आणि मुस्लिमबहुल शहरात 'कुत्ता गोळी' हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक झाला, तो असाच. झोपेची आणि चिंतेवरची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकली गेली आणि नशेची झाली. तिथल्या जाणत्या लोकांना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. वास्तविक फिकहच्या उलेमांनी शेकडो वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे की बुद्धी झाकून टाकणारी प्रत्येक चीज 'खम्र'मध्ये मोडते. मसला माहीत आहे, पण आपण तो बाटलीपुरता लावला.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. नीरेच्या डाव्या कालव्याचे आणि उजनीचे पाणी, ऊस, साखर कारखाने, बारामतीची एमआयडीसी, मोठमोठी कॉलेजे, इंदापूर-भिगवणवरून अहोरात्र धावणारा पुणे-सोलापूर महामार्ग. या सगळ्याने इथे पैसा आणला, रोजगार आणला. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, कुरेशी, शिकलगार, गॅरेजवाले, ट्रकवाले अशा आपल्या लोकांनीही त्यात आपली भाकरी शोधली. पण पैसा आणि रस्ता जिथे येतो तिथे नशाही येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेजारच्या दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर छापा घातला आणि शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले. पोरे ज्याला 'एमडी' म्हणतात तेच हे. हा पदार्थ २०१५ साली अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आला. त्या वेळी आपल्याला वाटले असेल की ही मुंबईच्या पार्ट्यांतली गोष्ट आहे. नऊ वर्षांनी ती आपल्या उसाच्या पट्ट्याच्या वेशीवर तयार होताना सापडली.

देशाचे चित्रही ध्यानात घ्यायला हवे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १४.६ टक्के लोक दारू घेतात. अफू, गर्द आणि त्यांच्या जातीची औषधे घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास आहेत. नाकाने हुंगायच्या पदार्थांचे प्रमाण तर मोठ्यांपेक्षा लहान मुलांत जास्त आढळले. म्हणजे पंक्चरचे सोल्यूशन आणि व्हाइटनर. याच पाहणीतला आणखी एक आकडा आम्हाला सर्वांत जास्त बोचतो. दारूवाचून राहू न शकणाऱ्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांना काय मिळते? शिव्या, मार, धागे-दोरे, कोंडून ठेवणे, आणि शेवटी सगळ्यांनी हात झटकणे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नशा हा गुनाह आहे का? आहे, त्यात वाद नाही. पण ज्या कुरआनने तो गुनाह ठरवला, त्याने तो कसा ठरवला हे आपण फारसे पाहत नाही. हुकूम एका दिवसात उतरला नाही. सूरह बकरामध्ये आधी सांगितले गेले की शराबमध्ये काही फायदा असला तरी तिचा गुनाह मोठा आहे. मग सूरह निसामध्ये नशेच्या हालतीत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली. पाच वक्तांची नमाज पढणाऱ्याला मग प्यायला वेळच थोडा उरला. त्यानंतर सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली. ज्यांच्या हाडीमासी दारू मुरली होती, त्यांना अल्लाहने पायरीपायरीने बाहेर काढले. माणसाची सवय एका हुकमाने तुटत नाही, ही बाब हुकूम देणाऱ्याला माहीत होती. आम्ही मात्र आमच्या मोहल्ल्यातल्या बावीस वर्षांच्या पोराकडून एका रात्रीत सुटका मागतो आणि तो आठवड्याने घसरला की 'याच्यात ईमानच नाही' म्हणून मोकळे होतो.

बुखारी शरीफमध्ये एका माणसाचा प्रसंग येतो. तो वारंवार पिऊन सापडे आणि वारंवार शिक्षेसाठी आणला जाई. एकदा हजर असलेल्यांपैकी कुणी त्याच्यावर लानत केली. रसूलुल्लाह (स.) यांनी ते थांबवले आणि सांगितले की या माणसाचे अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे. अशाच दुसऱ्या प्रसंगी त्यांनी समजावले की आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका. या हदीसमध्ये शिक्षा माफ झालेली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. कृत्य चूकच ठरले. पण कृत्य करणारा जमातीतून बाहेर पडला नाही. गुनाह आणि गुनाहगार यांना वेगळे करणारी ही रेघ आहे. आपण भाषणात तिचा उल्लेख करतो, पण वागताना ती पुसतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या एका महल कमिटीने नशा करणाऱ्या तरुणांच्या निकाहला सहकार्य करायचे नाही असा निर्णय घेतल्याची बातमी २०२२ साली गाजली होती. त्यामागची तळमळ खोटी म्हणता येणार नाही. कुणाच्या तरी लेकीची जिंदगी बरबाद होऊ नये हा हेतू रास्तच आहे. 'लग्न करून द्या, सुधारेल' या आपल्याकडच्या घातक समजुतीपेक्षा तो कितीतरी शहाणपणाचा आहे. बायको म्हणजे औषध नाही. पण बहिष्काराचे दोन भाग आपण वेगळे करायला हवेत. मुलीला वाचवण्यासाठी खरे सांगणे, निकाह थांबवणे हा एक भाग झाला. मुलाला सलाम न करणे, त्याच्या घरच्यांना कार्यात न बोलावणे, त्याच्या मयतीला न जाणे हा दुसरा. पहिल्यात कुणाचे तरी रक्षण आहे. दुसऱ्यात फक्त आपल्या रागाचे समाधान आहे. ज्याच्याशी सगळ्यांनी बोलणे टाकले, त्याच्याशी बोलणारा एकच माणूस उरतो. तो म्हणजे पुडी विकणारा.

म्हणजे सगळे झाकून ठेवायचे का? आपल्या आखलाकमध्ये ऐबपोशीला मोठे स्थान आहे. दुसऱ्याचा ऐब झाका, अल्लाह तुमचा झाकेल, अशी शिकवण आहे. पण त्याच शिकवणीच्या नावाखाली घरोघरी मूक संमती चालते. आई बापापासून लपवते, बाप आजोबांपासून, सगळे मिळून मोहल्ल्यापासून. कपाटातले पैसे गेले तरी 'पडले असतील' म्हणतात. आम्हाला वाटते, ऐबपोशीचा खरा अर्थ एका साध्या कसोटीवर तपासता येतो. आपण हा ऐब कुणापासून झाकतो? चौकातल्या चकाट्यांपासून झाकत असू तर ती ऐबपोशी. डॉक्टरपासून झाकत असू तर ते त्या माणसाला मरू देणे आहे. हाडाला फ्रॅक्चर झालेले कुणी इज्जतीसाठी लपवत नाही.

इथे कायद्याचीही गंमत पाहण्यासारखी आहे. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा नशा करणे हा गुन्हा मानतो, कलम २७ प्रमाणे त्याला कैद आणि दंड आहे. पण त्याच कायद्यातले कलम ६४-अ सांगते की नशेच्या अधीन झालेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणात जवळ बाळगण्याच्या आरोपातून त्याला सूट मिळू शकते. उपचार मध्येच सोडले तर सूटही जाऊ शकते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अंमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. म्हणजे ज्या सरकारने त्याला गुन्हेगार म्हटले, त्याच सरकारने त्याला आजारीही म्हटले आणि परतण्यासाठी दरवाजा किलकिला ठेवला. तौबेचा दरवाजा शेवटच्या श्वासापर्यंत उघडा आहे असे मानणाऱ्या समाजाचे दार सरकारी दारापेक्षा तरी अरुंद असू नये.

आजार म्हटले की इलाजाचा प्रश्न येतो. आपल्याकडे पहिला इलाज बहुधा दर्गा असतो. इंदापूरच्या चाँदशावली बाबांच्या दर्ग्यासारख्या ठिकाणी हिंदू-मुसलमान दोघेही मन हलके करायला जातात. त्या श्रद्धेची टिंगल आम्ही करणार नाही. दुआने धीर येतो. पण धीर आणि औषध एक नव्हे. ज्याला रोज भरपूर दारू लागते त्याची दारू एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो आणि जीवही जाऊ शकतो. त्याला खोलीत कोंडणे किंवा साखळीने बांधणे हा इलाज नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. ते जळून मेले. दुआ मागायला आलेल्या माणसांच्या पायांत बेड्या होत्या, हे आपण विसरू नये. २०१७ च्या कायद्याने मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे.

मग करायचे काय, याचे उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. १९८० नंतरच्या काही वर्षांत गर्दने मुंबई-पुण्यातली पोरे गिळायला सुरुवात केली. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी ते वाचले आणि एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी पुढाकार घेतला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ मध्ये गेले, काम चालू आहे. त्या कामातल्या तीन गोष्टी आम्हाला आपल्या मोहल्ल्यासाठी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, तिथे बऱ्या झालेल्या माणसांना कार्यकर्ते म्हणून सामावून घेतले जाते. काल जो दाखल होता, तो आज नव्या माणसाशेजारी बसतो. दुसरी, पेशंट घरी गेला की काम संपत नाही, पाठपुरावा होतो. तिसरी, पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण आजार एकाला झाला तरी घर सगळे पडते.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ तर १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्या माणसांच्या भेटीतून उभी राहिली. तिथे कुणी वरून उपदेश करत नाही. एक माणूस दुसऱ्याला आपली हकीकत सांगतो, आजचा एक दिवस न पिता काढू म्हणतो. आपल्या चुकांची कबुली देणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, हे त्यांच्या बारा पायऱ्यांत येते. हे वाचताना आम्हाला परके काही वाटत नाही. तौबेच्या शर्तींमध्ये काम सोडणे, पस्तावा होणे, पुन्हा न करण्याचा इरादा करणे आणि ज्याचा हक्क मारला त्याला तो परत देणे हेच तर सांगितले आहे. शेवटची शर्त आपण बहुधा गाळतो. नशेत ज्या बायकोचे दागिने विकले, ज्या भावाची हातगाडी गहाण टाकली, त्यांचा हक्क नुसत्या अश्रूंनी फिटत नाही. आणि तो फेडण्यासाठी माणसाला काम लागते. सुधारून आलेल्या पोराला गॅरेजवर, फळांच्या गाळ्यावर कुणी उभे केले नाही, तर त्याची तौबा पुरी व्हायची कशी? म्हणून त्याला काम देणे ही नुसती मेहरबानी नव्हे. त्याच्या तौबेत आपला हिस्सा आहे.

इथे एक सावधगिरी हवी. रहम करा असे म्हणणे पुरुषांना सोपे असते, त्याची किंमत बहुधा बाई मोजते. मार खाणारी, उपाशी पोरांना झोपवणारी बायको 'सब्र कर' हे ऐकून थकलेली असते. नवऱ्यावरचा रहम तिच्या जिवावर असू शकत नाही. तिला माहेरी राहायचे असेल, खुला मागायचा असेल, तर जमातीने तिच्या पाठीशी उभे राहावे आणि त्याच वेळी नवऱ्याला उपचारालाही न्यावे. या दोन गोष्टींत विरोध नाही. तसेच, रहम म्हणजे मागेल तेव्हा पैसे देणे नव्हे. हातात दिलेली शंभराची नोट बहुधा पुडीकडेच जाते.

आणि विकणाऱ्याचे काय? पिणारा आणि विकणारा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. मात्र ही रेघही वाटते तितकी ठळक नाही. आपल्या खर्चासाठी चार पुड्या विकणारा पोरगा आणि त्याच्यामार्फत बंगला बांधणारा माणूस यांत फरक आहे. पहिल्याला इलाज हवा, दुसऱ्याला कायदा. पण आम्हाला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न याहून जवळचा आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो. पानाची टपरी हा आपल्यातल्या कितीतरी घरांचा पिढीजात धंदा आहे, 'तांबोळी' हे आडनावच त्याची साक्ष देते. त्या टपरीवर शाळेतल्या पोराला गुटख्याची पुडी मिळत असेल, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मिळत असेल, तर ती कमाई हलाल की हराम, हा मसला जुम्याच्या खुत्ब्यात का येऊ नये? डुकराचे मांस विकणारा आपल्यात सापडणार नाही. पोराच्या हातात नशा देणाऱ्याला मात्र आपण पहिल्या सफमध्ये जागा देतो.

बंदीवर फार भिस्त ठेवू नये हेही अनुभवाने कळते. आपल्या राज्यात गावोगावच्या बायांनी 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान करून दुकाने बंद पाडली, त्यांच्या हिमतीला सलाम. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. दुकान बंद करता येते, तल्लफ बंद करता येत नाही. तिथे माणूसच लागतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. नशा हा गुनाह आहे, गुन्हा आहे आणि आजारही आहे, तिन्ही खरे आहे. पण कोणता शब्द कुणी उच्चारायचा याची मर्यादा आहे. गुनाह हा शब्द त्या माणसाने स्वतःच्या तौबेत म्हणावा. गुन्हा हा शब्द कोर्टाने म्हणावा. आजार हा शब्द डॉक्टरने म्हणावा. शेजाऱ्याच्या वाट्याला यांतला एकही शब्द येत नाही. त्याच्या वाट्याला 'भाई, चल, मी बरोबर येतो' एवढेच येते.

हे म्हणायला बारामती-इंदापूरच्या प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार माणसे पुरतात. एक इमामसाहेब, जे खुत्ब्यात गोळी आणि व्हाइटनर हे शब्द न लाजता घेतील. एक शिक्षिका किंवा अंगणवाडीताई, जिला पोराच्या डोळ्यांतला बदल लवकर दिसतो. एक बरा झालेला माणूस, ज्याचे नाव कुणी विचारणार नाही. सरकारची १४४४६ ही विनामूल्य हेल्पलाइन आहे, तिचा नंबर वजूखान्याच्या भिंतीवर लिहायला खर्च येत नाही. रमजानात दिवसभर नशेपासून लांब राहिलेल्या माणसाला आपण राहू शकतो हे पहिल्यांदा उमगते, त्या महिन्यात त्याला डॉक्टरकडे नेण्याची संधी असते. मात्र ज्याला सवय जडली आहे त्याने रोजा आणि औषध यांचा मेळ डॉक्टरला विचारूनच घालावा. गरीब पेशंटच्या उपचाराचा खर्च जकातीतून थेट केंद्राला देता येईल का, याचा विचार आपल्या उलेमांनी करावा. त्याचा होकार मिळाला तर कितीतरी घरांची अडचण सुटेल.

आणि तो पुन्हा घसरला तर? घसरेल. हा आजारच तसा आहे, पुष्कळांना तो एकापेक्षा अधिक वेळा गाठतो. तेव्हा जमातीची खरी परीक्षा होईल. पहिल्या वेळी मदत करणारे दहा जण भेटतात, तिसऱ्या वेळी एखादाच उरतो. हदीसमधला तो माणूस किती वेळा आणला गेला याची मोजदाद कुणी ठेवली नाही. आपणही ठेवू नये.